कवट्या कमी, खिडक्या जास्त

किनाऱ्यावरचं दुकान बंद होणार, कामाची पद्धत बदलणार आणि माल युरोपात पाठवणार, अशा चार ओळी आमच्या गॉथिक दागिन्यांच्या स्टुडिओबद्दल मागच्या अंकात छापून आल्या. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा संपादकांनी मला म्हापशाला धाडला आणि ‘आता तुम्हीच निस्तरा’ म्हणाले. निवडक पत्रं घेतली आहेत. ‘तुमच्या अंगठीमुळे आमच्या घरात भांडण लागलं’ अशा अर्थाची बरीच होती. त्यांतलं एकच घेतलं, बाकीच्यांनी तेच उत्तर आपलं समजावं.

ताई, कॉलेजात असताना हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात तुमच्या टेबलावरून वटवाघळाची अंगठी घेतली होती. आता स्टुडिओच बंद होतोय असं ऐकतोय. खरं का? की कुठल्या मोठ्या कंपनीला विकलात?
– एक जुना गिऱ्हाईक, पर्वरी

बंद नाही आणि विकलेलाही नाही. कळंगुटच्या वाटेवरचं दुकान जातंय, आणि बाजारातलं टेबल जातंय. म्हापशाचं वर्कशॉप आहे तिथेच राहणार.

थोडं मागचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझे वडील सोनार. मंगळसूत्रं, पाटल्या आणि देवळांची चांदीची कामं, म्हणजे प्रभावळ, पालखीचे पत्रे, दिवजा. किनाऱ्यावर राहणारे परदेशी लोक तुटक्या अंगठ्या, साखळ्या दुरुस्तीला घेऊन यायचे. कवटी, क्रूस, काटेरी वेल, टोकदार कमानी. बाबा डाक (सांधा जोडणारा, वितळवून लावायचा धातू) लावून देत आणि पुटपुटत, ‘काम चांगलं आहे, पण घालणाऱ्याला झोप कशी लागते कोण जाणे.’ ते घाट मी दुरुस्ती करता करता शिकले. मग स्वतःचे काढू लागले. त्याला तीस वर्षांहून जास्त झाली.

आमच्याकडे दोन प्रकारचा माल होत आला आहे, एक चांदीचा आणि दुसरा प्यूटरचा. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, कल्हईवाला वापरतो तेच. त्यात थोडं अँटिमनी आणि थोडं तांबं. इंग्लंडात लेस्टरच्या अल्केमी या कंपनीने 1977 पासून गॉथिक दागिना म्हटलं की प्यूटर, असं समीकरणच बसवून टाकलं, आणि आम्हीही त्याच वाटेने गेलो. कथील 232 अंशांना वितळतं, चांदीला 962 लागतात. त्यामुळे प्यूटरला भट्टीचा मोठा खटाटोप नाही. रबराच्या गोल साच्यात मधोमध रस ओतायचा, साचा गरगर फिरवायचा, रस आपोआप कडेच्या सगळ्या पोकळ्यांत जातो. उघडलं की एका फेरीत डझनभर वटवाघळं, मधल्या दांड्याला चिकटलेली. कापा, कानस मारा, काळं करा, उजळा.

या डझनावारीच्या कामातून मी बाहेर पडतेय. आमच्याच घाटांच्या नकला जस्ताच्या मिश्रधातूत होऊन त्याच बाजारात शेजारच्या टेबलावर यायला लागल्या, आमच्या निम्म्या किमतीत. त्यांच्याशी किमतीत भांडायचं तर मलाही तसाच माल काढावा लागेल. ते करायचं नाही. शिवाय प्यूटर नाजूक. वटवाघळाचा पंख दाराच्या कडीत अडकला की गेला, आणि गिऱ्हाईक मोडका दागिना घेऊन परत येतं. वर्षभराच्या दुरुस्त्यांची वही उघडली तर अर्ध्याहून जास्त पानं प्यूटरने भरलेली.

येत्या हंगामापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून, घाऊक प्यूटर बंद. पट्ट्यांची बक्कलं आणि कोटाची बटणं तेवढी ठेवतेय, कारण ती जाड असतात आणि मोडत नाहीत. बाकी सगळं चांदीत, थोडं आणि सावकाश.

माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बोटात कवटीची अंगठी, गळ्यात काळा क्रूस. सासूबाई म्हणतात घरात अपशकुन आणला. आम्ही देवाधर्माची माणसं. हे गॉथिक म्हणजे नेमकं काय, आणि पुढेही तुम्ही असल्याच वस्तू करणार का?
– एक आई, फोंडा

आधी सासूबाईंसाठी. कालीमातेच्या गळ्यात काय असतं ते त्यांना विचारा. आमोणे, लोलये, पैंगीण इथे बेताळाची देवळं आहेत, लोक त्याला वहाणा वाहतात आणि त्याचा कौल मागतात. मुंडमाळा, सांगाडा, स्मशान यांच्याशी आपल्या देवांचं जुनं सख्य आहे. मंगळसूत्राचे मणी काळेच, संक्रांतीची चंद्रकळा काळी. काळ्याला घाबरायचं कुठून शिकलो आपण?

आता गॉथिकचं. मुळात ही बांधकामाची शैली. पॅरिसजवळच्या सेंट डेनिस इथल्या चर्चचा पूर्वेकडचा भाग 1144 मध्ये पुरा झाला, तिथून ती धरतात. टोकदार कमान, दगडी फासळ्यांचं छत, भिंतीचा भार बाहेरून पेलणारे टेकू. भार असा वाटून घेतल्यामुळे भिंतीत मोठमोठ्या खिडक्या काढता आल्या आणि त्यांत रंगीत काचा आल्या. म्हणजे शैलीचं मूळ उजेडात आहे, अंधारात नाही. हे मला फार उशिरा कोणी सांगितलं, आणि माझा पुढचा सगळा बेत त्यावरच उभा आहे. त्याबद्दल खाली येईलच.

कवटी आली ती वेगळ्या वाटेने. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात ‘मरण ध्यानात ठेव’ असं बजावणाऱ्या कवटीच्या अंगठ्या घालत. माणूस गेला की त्याचं नाव आणि तारीख काळ्या मीनाकारीत कोरून अंगठ्या आप्तांना वाटत. प्रिन्स आल्बर्ट 1861 मध्ये वारला आणि व्हिक्टोरिया राणीने 1901 मध्ये स्वतः जाईपर्यंत काळं सोडलं नाही. तिच्यामुळे यॉर्कशरच्या व्हिटबीचं जेट, म्हणजे लाकडाचा काळा, हलका जीवाश्म, घराघरात गेलं. आजच्या पोरांची गॉथ तऱ्हा त्यानंतरची, 1970 च्या दशकाच्या शेवटी पंक संगीतातून निघालेली.

तुमच्या मुलीच्या बोटातली कवटी या सगळ्याची नात. तिला अभ्यासाबद्दल विचारा, अंगठीबद्दल नको. आणि हो, कवट्या आम्ही पुढेही करू, पण कमी. एकच घाट ठेवलाय, त्याचा जबडा हलतो. त्याची बिजागरी हाताने बसवायला आमच्या कारागिराला सबंध दिवस लागतो, त्यामुळे तशा वर्षाला फार होतही नाहीत.

तुमच्या नव्या मालिकेबद्दल मागच्या अंकात ‘साळगावच्या खिडक्या’ एवढंच आलं होतं. सविस्तर सांगाल का? गोव्यात गॉथिक कुठे आहे? आपल्याकडच्या इगर्जी (चर्चं) तर वेगळ्या.
– वास्तुकलेचा विद्यार्थी, पणजी

बरोबर हेरलंस. जुन्या गोव्याच्या मोठ्या इगर्जी नंतरच्या शैलीच्या. पण साळगावची माय दे देवुस इगर्ज बघ. 1873 ची, पांढरीशुभ्र, टोकदार कमानी आणि आभाळात घुसलेली निमुळती टोकं. गॉथिकचं एकोणिसाव्या शतकातलं पुनरुज्जीवन ते. आतली मूर्ती त्याहून जुनी, जुन्या गोव्यातल्या दावजीच्या पडक्या मठातून आणलेली. मी लहानपणापासून त्या रस्त्याने जातेय आणि तरीही इंग्रजी पुस्तकांतल्या चर्चांचे घाट काढत बसले होते.

मालिका खिडक्यांची आहे. टोकदार कमानीची चौकट चांदीच्या तारेची, आणि तारांच्या मधल्या खणांत पारदर्शक मीना, म्हणजे वितळवलेली रंगीत काच, मागे पत्रा न ठेवता. आपल्याकडच्या नेहमीच्या मीनाकारीला पाठ असते, रंग पत्र्यावर बसतो. इथे पाठच नाही, उजेड आरपार जातो. कानात घातलं की गालावर निळा-तांबडा डाग पडतो. फ्रेंच लोक याला प्लिक-आ-जूर म्हणतात.

काम सांगते, म्हणजे किंमत ऐकून ओरडणार नाहीस. काचेची पूड खलात वाटायची, पाण्याने वरचेवर धुवायची, गढूळ पाणी ओतून टाकायचं. पूड नीट धुतली नाही तर रंग दुधाळ येतो. मग ओल्या पुडीचा कण ब्रशच्या टोकावर घेऊन खणात सोडायचा. खण लहान असेल तर पाणी त्याला धरून ठेवतं, मोठा असेल तर पूड खाली गळते. म्हणून एका खणाची रुंदी भाताच्या दाण्यापेक्षा जास्त ठेवत नाही. वाळवायचं, 800 अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत मिनिट-दोन मिनिटं घालायचं, काढायचं. काच आकसते, खणात भोक राहतं. परत भरायचं, परत भट्टी. शेवटच्या भट्टीत चरा गेला की आधीचं सगळं पाण्यात.

आणि इथे 925 ची चांदी चालत नाही. तिच्यात साडेसात टक्के तांबं असतं. भट्टीत ते तांबं काळवंडतं आणि काचेखाली ढग दिसतात, शिवाय ती चांदी मीनाच्या उष्णतेला मऊ पडायला लागते. म्हणून खिडक्या शुद्ध चांदीच्या. ती नरम, तार सहज वाकते, त्यामुळे बाहेरची चौकट जाड घ्यावी लागते. जाड चौकट म्हणजे वजन, आणि 2025 मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली हे तुला ठाऊकच असेल.

कोणी विचारेल, जुन्या गोवेकर घरांच्या खिडक्यांना असतात त्या शिंपल्यांच्या चकत्याच का नाही बसवत? दिसायला बहार येईल. पण त्या जातीच्या शिंपल्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्या भानगडीत मी पडत नाही. तसा मोतिया रंग मीनातून काढायचा खटाटोप चाललाय, अजून मनासारखा आलेला नाही.

जाता जाता, बॉ जेजूच्या इगर्जीत संत फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी एकदा नीट बघ. खालचं संगमरवरी काम आलं फ्लॉरेन्सहून, 1698 मध्ये बसवलं. पण पेटी त्याआधीची, 1637 च्या सुमाराची, गोव्याच्याच कारागिरांच्या हातची. लोक संताला बघून पुढे सरकतात. तू चांदीच्या पत्र्यांवर उठवलेले प्रसंग बघ.

आजोबांच्या काळापासून घरात वाघनख आहे, सोन्यात मढवलेलं. मुलाला ते तुमच्या पद्धतीच्या काळ्या चांदीच्या चौकटीत हवंय. नव्या योजनेत असं काम घ्याल का?
– एक वाचक, डिचोली

नाही. जुन्या योजनेतही घेतलं नसतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचं नख, दात, कातडं कायदेशीर मालकीच्या दाखल्याशिवाय नुसतं घरात ठेवणं हाही गुन्हा, आणि शिक्षा किमान 3 वर्षांची कैद. ‘आजोबांचं आहे’ हे उत्तर पुरत नाही. कोणा सोनाराकडे नेऊ नका, आधी वकिलाला विचारा आणि वन खात्याला कळवा. मुलाला हवंच असेल तर म्हशीच्या शिंगातून किंवा नुसत्या चांदीतून नखाचा घाट काढून देईन. प्राण्याच्या कुठल्याच अवयवाचं काम मी पत्रातला फोटो बघून ठरवत नाही. वस्तू घेऊन या, सोबत कागद आणा. (कासवाच्या पाठीचे जुने कंगवे घेऊन येणाऱ्यांनाही हेच.)

काळ्या धातूच्या कानातल्यांनी माझे कान चिघळतात. तुमच्या मालात काय असतं? युरोपात पाठवणार म्हणता, तिथले नियम कडक ना?
– मडगाव

चिघळण्यामागे बहुतेक वेळा निकेल असतं. काळा मुलामा निघतो आणि खालचं निकेल कातडीला लागतं. आमच्या कानातल्यांच्या काड्या चांदीच्याच असतात. प्यूटरच्या कानातल्यांनाही काडी चांदीचीच लावत आलोय. काळा रंग मुलाम्याचा नाही, चांदी गंधकाच्या पाण्यात बुडवून काळी केलेली असते, वरवरचे भाग घासून उजळलेले. युरोपात दागिन्यात शिसं वजनाच्या 0.05 टक्क्यांच्या वर चालत नाही, कॅडमियम 0.01 टक्क्याच्या वर नाही, आणि टोचलेल्या भागात जाणाऱ्या काडीतून निकेल किती सुटतं यावर वेगळी मर्यादा. म्हणून नवीन डाकही कॅडमियम नसलेलाच घेतो. कान आधी बरे होऊ द्या, मग काय ते घाला.

पावसाळ्यात दागिना सगळाच काळा पडतो अशीही तक्रार आहे. पडणारच, आपल्याकडची हवा तशी. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. चांदी उजळायच्या तयार द्रावणात बुडवू नका, मुद्दाम केलेला काळा रंग निघून जाईल आणि मग मला पत्र येईल.

मी कला महाविद्यालयात आहे, कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करते. तुमच्याकडे शिकायला येऊ शकते का? की हातकामच हवं?
– म्हार्दोळ

ये. यंत्राशी माझं वैर नाही. हलत्या जबड्याच्या कवटीचं पहिलं मॉडेल कॉम्प्युटरवरच झालं, रेझिनमध्ये छापलं, त्यावरून साचा. पण छापलेल्या वस्तूवर थरांच्या बारीक रेघा राहतात, त्या घासून काढाव्याच लागतात. मेणाचं मॉडेल, साचा, ओतीव वस्तू, प्रत्येक पायरीला वस्तू थोडी आकसते, अंगठीचं माप चुकतं. ते स्क्रीनवर दिसत नाही. बोटाला कळतं.

किनाऱ्यावरच्या दुकानाचं भाडं वाचेल त्यातून दर वर्षी दोन शिकाऊ मुलं पगारावर ठेवायची, असा बेत आहे. सोनाराच्या घरातलीच हवीत असं नाही, मुली असतील तर उत्तम. आधी काही महिने कानस, करवत, जंतरातून (भोकांच्या पोलादी पट्टीतून) तार ओढणं, डाक. कवटी-बिवटी नंतर. तुझी चित्रं पाठवू नकोस. तांब्याच्या तारेची एक साधी कडी कर, सांधा दिसणार नाही अशी, आणि ती पाठव.

तुमच्यानंतर कोण?
– म्हापसा

शेजारीच दिसताय! मुलगा तारवटी, वर्षातले आठ महिने बोटीवर. त्याला यात गोडी नाही, आणि मी कधी लादलं नाही. आमचे दोन जुने कारागीर बाबांच्या वेळेपासूनचे. नव्या व्यवस्थेत ते भागीदार होताहेत, कागदपत्रं सनदी लेखापालाकडे आहेत. दोघांतला एक खिडक्यांची मीनाकारी माझ्यापेक्षा चांगली करतो. ते त्याला सांगितलेलं नाही, आता वाचेल.

घाटांचं काय, तेही लोक विचारतात. 2000 च्या डिझाइन कायद्याने नोंदणी केली तर 10 वर्षं हक्क मिळतो, पुढे 5 वाढवता येतात. पण बाजारात आधीच आलेल्या घाटाची नोंदणी होत नाही. म्हणजे माझी जुनी वटवाघळं आणि वेली आता कोणाच्याच नाहीत. वकिलाने सांगितलं तेव्हा आधी राग आला. मग ठरवलं, त्या वह्या शिकाऊ मुलांना उघड्या ठेवायच्या, हवं ते उचला. खिडक्यांची मात्र विक्रीआधीच नोंदणी करतेय.

नव्या खिडकीच्या कानातल्यांना काय पडेल? हॉलमार्क असेल का?
– वास्को

किंमत वजन आणि खणांवर ठरेल. घडणावळ चांदीपेक्षा जास्त असेल हे आत्ताच सांगते. मीना केलेला दागिना मोडीत घालायचा तर काच वजा होते, तेव्हा ठेव म्हणून घेऊ नका, घालायला घ्या. सोन्याला हॉलमार्क 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, चांदीला सध्या ऐच्छिक आहे. आम्ही करून घेणार, पण मीना भरायच्या आधी, नुसत्या चौकटीवर. नंतर ठसा मारायला गेलं तर काच तडकेल.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं तुमचं प्यूटरचं ड्रॅगनचं लॉकेट आहे. शेपटी तुटली. गावातल्या सोनाराने फुंकणी लावतो म्हटलंय. प्यूटर बंद करताय, मग दुरुस्ती कोण करणार?
– सावंतवाडी

फुंकणी लावू देऊ नका! चांदीच्या डाकाला लागते त्या आचेवर तुमचा ड्रॅगन क्षणात थेंब होऊन खाली पडेल. प्यूटरला बिस्मथ घातलेला, कमी उष्णतेचा डाक लागतो आणि साधी सोल्डरची इस्त्री. आमच्या हातचा माल, कितीही जुना, आम्ही दुरुस्त करत राहणार. प्यूटरचे जुने साचे मोडलेले नाहीत, शेपटी हरवली असेल तर नवी ओतून लावू. दुकानात पाठवू नका, ते मेअखेर बंद. म्हापशाच्या पत्त्यावर पाठवा, लॉकेट आणि तुकडा वेगवेगळ्या कागदात गुंडाळून, आणि गोंद लावला असेल तर कुठला ते चिठ्ठीत लिहा.